गाडीचं पाणी जातं कुठं?

‘आमच्या जुन्या जीपवजा गाडीनं दीड लाख किलोमीटर ओलांडलेत. कूलंट सारखं कमी होतं, खाली मात्र थेंब नाही,’ असं एका भगिनीनं विचारलंय. इंजिन गार असताना बाटलीवर पातळीची खूण करा, रात्री खाली पुठ्ठा अंथरा. पुठ्ठा कोरडाच? मग रबरी नळ्यांच्या जोडांवर, वॉटर पंपाखाली वाळलेले पांढरट-हिरवट डाग शोधा. गरम इंजिनावर थेंब पडण्याआधीच सुकतो. आत पुढच्या मॅटखाली ओल, गोडसर वास असेल तर हीटर गळतोय. ऑइल दुधाळ किंवा पांढरा धूर थांबतच नसेल, तर गाडी बाहेर काढूच नका. हेड गॅस्केटची शंका. एरवी गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या, झाकणाचीसुद्धा! गरम असताना ते झाकण यजमानांनाही उघडू देऊ नका. उरलेलं कूलंट मुलांपासून दूर ठेवा. चव गोड, पण विषारी असतं.