दरवाजांच्या शहरातील उघडी दिंडी

२६ जुलै २००८ च्या सायंकाळी अहमदाबादेत एकामागून एक स्फोट झाले आणि ५६ निरपराध माणसे प्राणास मुकली. स्फोटांना अवघी काही मिनिटे उरली असताना वृत्तवाहिन्यांकडे एक धमकीचे ई-पत्र येऊन धडकले होते. त्या पत्राचा माग काढीत तपास यंत्रणा ज्या ठिकाणी पोहोचल्या ते ठिकाण सीमेपलीकडचे नव्हते. ती नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका इमारतीमधील सदनिका होती. तेथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाचा त्या कटाशी काडीचाही संबंध नव्हता, परंतु त्याच्या घरातले वाय-फाय उघडे होते. कुणीतरी त्याचा उपयोग केला, पत्र पाठविले आणि निघून गेला. पुढे २३ ऑगस्टला माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या आणि १३ सप्टेंबरला, दिल्लीतील स्फोटांच्या वेळी, चेंबूरमधील एका कंपनीच्या जोडणीतून अशीच पत्रे गेली. तिन्ही वेळा उंबरठा आपला होता आणि पाऊल शत्रूचे.

त्यानंतर शासन हलले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवठादारांना वाय-फाय सुरक्षित करण्याचे निर्देश दिले. वृत्तपत्रांतून चार दिवस चर्चा झाली, तज्ज्ञांनी मुलाखती दिल्या आणि समाज आपल्या स्वभावानुसार सारे विसरला. त्या घटनांना आता दीड तप होत आले. तेव्हा इंटरनेट ही मोजक्या घरांतील चैन होती. आज सिडकोपासून गारखेड्यापर्यंत आणि उस्मानपुऱ्यापासून वाळूजच्या बजाजनगरापर्यंत क्वचितच एखादे मध्यमवर्गीय घर असेल, जिथे दूरदर्शन संचाशेजारी दिवे लुकलुकणारी ती लहानशी पेटी नाही. त्या पेटीला राउटर म्हणतात. घरातील प्रत्येक भ्रमणध्वनी, संगणक आणि कॅमेरा त्या एकाच पेटीतून बाहेरच्या जगाशी बोलतो. म्हणजे ते घराचे महाद्वारच होय. प्रश्न असा आहे की या महाद्वाराची किल्ली कुणाकडे आहे?

बहुसंख्य घरांत याचे उत्तर 'आमच्या वाय-फायला पासवर्ड आहे' असे मिळते, आणि येथेच गफलत होते. राउटरला किल्ल्या दोन असतात. पहिली वाय-फायची, जी पाहुण्यांना सांगितली जाते. दुसरी खुद्द राउटरच्या कारभाराची. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा पेटीच्या तळाशी चिकटविलेला पत्ता टाकला की जे पान उघडते, त्या पानाची. पहिल्या किल्लीने घरात शिरता येते. दुसऱ्या किल्लीने घराची सारी कुलपेच बदलता येतात. जोडणी करणारा माणूस पहिली किल्ली म्हणून बहुधा मालकाचाच भ्रमणध्वनी क्रमांक टाकतो, जो अर्ध्या गल्लीला पाठ असतो. दुसरी किल्ली तो कारखान्यातून आली तशीच ठेवतो. नाव 'ॲडमिन', पासवर्डही 'ॲडमिन'. हा पासवर्ड साऱ्या जगाला ठाऊक आहे, नसतो तो केवळ घरमालकाला.

ही दुसरी किल्ली हाती आलेला माणूस काय करू शकतो? संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी जी सूची असते, तिची नोंद तो राउटरमध्ये बदलू शकतो. आपण बँकेचे नाव टाकतो आणि पोहोचतो भलत्याच दारी. ही काही कल्पनारम्य कथा नव्हे. २०११ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी याच पद्धतीने चालणारी एक टोळी पकडली, तेव्हा तिच्या जाळ्यात जगभरातील सुमारे ४० लाख संगणक सापडले होते. आजचे ब्राउझर अशा वेळी धोक्याची सूचना देतात हे खरे, पण ती सूचना वाचण्याऐवजी 'पुढे चला' दाबणारे बोट कुणाचे असते?

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दुर्गरचनेविषयी एक मोठा व्यवहारी विचार आहे. गडास एकच दरवाजा असणे हा दोष, म्हणून दरवाजे आणि चोरदिंड्या अनेक कराव्यात. परंतु नित्याच्या राबत्याला हव्या तेवढ्याच मोकळ्या ठेवून उरलेल्या चिणून टाकाव्यात. आजच्या भाषेत ज्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात, त्याचे सारे मर्म या विचारात सामावले आहे. राउटर स्वभावतः बाहेरून आलेल्या अनाहूताला आत घेत नाही. 'अमुक क्रमांकाच्या दिंडीवर कुणी आले तर त्याला थेट आतल्या अमुक यंत्राकडे ने' असा हुकूम आपण त्याला देतो, तेव्हाच ती दिंडी उघडते. कार्यालयातील संगणक घरून वापरायचा असेल, तर असा हुकूम कधी आवश्यकही असतो. तक्रार दिंडीबद्दल नाही. ती कुणी, कशासाठी उघडली आणि काम संपल्यावर चिणली का, हे कुणालाच ठाऊक नसते, ही तक्रार आहे.

आपल्या शहरात अशा दिंड्या सर्वाधिक उघडल्या त्या कॅमेऱ्यांपायी. वाळूज-चिकलठाण्यातील लहान कारखानदार, रुग्णालये, शिकवणी वर्ग, दुकाने आणि आता घरेही, सर्वांना आपला कॅमेरा भ्रमणध्वनीवर दिसायला हवा असतो. ज्यांच्याकडे स्थिर पत्ता आहे, त्यांच्या राउटरमध्ये बसविणारा कारागीर चित्रमुद्रण यंत्राकडे जाणारी दिंडी उघडून देतो. कंटाळा आला तर 'डीएमझेड' नावाची सोय वापरून एकाच फटक्यात साऱ्या दिंड्या त्या यंत्राकडे वळवितो. मालकाला चित्र दिसले की तो खूश, कारागिराचे पैसे मिळाले की तो खूश. ज्यांच्याकडे स्वतंत्र पत्ता नाही (आणि स्वस्त जोडण्यांत शेकडो घरे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे दडलेली असतात), त्यांचे चित्र उत्पादकाच्या सर्व्हरवरून फिरून येते. तो सर्व्हर कोणत्या देशात आहे, हे ग्राहक विचारीत नाही.

याची फळे आपण पाहिली आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील तपासणी कक्षाची चित्रे समाजमाध्यमांवर विकली जात असल्याचे उघडकीस आले. आयाबहिणींची चित्रे! अटक झालेल्यांमध्ये आपल्या मराठवाड्यातील लातूरचा आणि सांगलीचा तरुण होता. कॅमेऱ्यांचा पासवर्ड अतिशय सोपा, कारखान्याने दिलेल्या वळणाचा होता, असे तपासात पुढे आले. गुन्हेगारांना शिक्षा व्हावी याबद्दल दुमत नाही. पण तो कॅमेरा बसविणारा, तसाच सोडून देणारा आणि त्याची कधी विचारपूस न करणारे व्यवस्थापन यांचे काय?

'आमच्या घरात चोरण्यासारखे आहे तरी काय?' हा सुशिक्षितांचा आवडता युक्तिवाद आहे. तो ऐकताना सानपाड्याची आठवण यावी. तेथे कुणी काही चोरले नव्हते, केवळ ओसरी वापरली होती. २०१६ साली 'मिराई' नावाच्या दुष्ट प्रणालीने जगभरातील कॅमेरे आणि राउटर असेच वापरले. तिच्याजवळ कोणतीही दिव्य विद्या नव्हती. कारखान्यांनी दिलेल्या साठ-बासष्ट नाव-पासवर्डांची यादी होती, ती एकेका दारावर लावून पाहायची, एवढाच तिचा उद्योग. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला याच फौजेच्या बळावर अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, आपल्या भारत संचार निगमच्या हजारो ग्राहकांचे मोडेम अशाच प्रणालीने निकामी केले. मूळचा पासवर्ड न बदललेले मोडेम बळी पडले आणि निगमला ग्राहकांना 'पासवर्ड बदला' असे आवाहन करावे लागले. तेव्हा घरातल्या पेटीचा प्रश्न खाजगी आहे, हा भ्रम सोडलेला बरा. युद्धकाळी शत्रूला आपल्या वीजवितरणावर वा बँकांवर मारा करायचा असेल, तर त्याला सैन्य बाहेरून आणावे लागणार नाही. ते आपल्याच दिवाणखान्यांत तैनात आहे.

आता थोडे स्वकीयांविषयी. जून २०२० मध्ये गलवानच्या संघर्षानंतर ५९ चिनी ॲपवर बंदी आली, तेव्हा तिचे आपण उत्साहाने स्वागत केले. ते योग्यच होते. परंतु चिनी दिव्यांच्या माळांवर बहिष्काराचे आवाहन करणाऱ्या किती जणांनी आपला राउटर कुठे बनला, त्याचे फर्मवेअर शेवटचे कधी अद्ययावत झाले, हे उलथे करून पाहिले? स्वदेशीचा आग्रह अवश्य धरावा, पण स्वदेशी पेटीही 'ॲडमिन-ॲडमिन' ठेवली तर विदेशी पेटीइतकीच उघडी असते. देवगिरीचा दुर्ग आपल्या उशाशी आहे. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन चालून आला, तेव्हा घाईघाईने गडावर चढविलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी परंपरागत कथा आहे. गडाचा कडा तेव्हाही तितकाच उभा होता. पोती कुणी उघडून पाहिली नव्हती.

तथापि सारा दोष गृहस्थांच्या माथी मारणे हा अन्याय होईल. आजीबाईंनी राउटरच्या कारभाराचे पान उघडावे अशी अपेक्षा कोण करील? खरी जबाबदारी जो ती पेटी विकतो, बसवितो आणि दरमहा तिचे पैसे घेतो, त्या पुरवठादाराची आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच सोपा पासवर्ड असलेली अशी उपकरणे विकणे कायद्याने निषिद्ध आहे. जपानच्या शासनाने २०१९ पासून नागरिकांच्या उपकरणांचे दुबळे पासवर्ड स्वतः तपासून त्यांना सावध करण्याची मोहीम चालविली. आपल्याकडे दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये हेच तत्त्व सांगणारी मार्गदर्शक संहिता काढली, आणि एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी अनिवार्य झाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण चाचणी कारखान्यातून निघणाऱ्या पेटीची होते. ती घरी आल्यावर कारागिराने कोणती दिंडी उघडली, याचा जाब कुणी कुणाला विचारायचा? जोडणी देताना दोन्ही पासवर्ड ग्राहकासमक्ष बदलले जातील आणि उघडलेल्या प्रत्येक दिंडीची लेखी नोंद त्याच्या हाती पडेल, एवढी अट परवान्यात घालायला कोणतेही अगाध तंत्रज्ञान लागत नाही.

ती अट येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक वसाहतीत संगणक शिकणारी चार मुले असतात. एका रविवारी त्यांनी वीस घरे घेतली तरी पुष्कळ. कारभाराचा पासवर्ड बदलावा आणि घरच्या डायरीत लिहून ठेवावा. वाय-फायला किमान डब्ल्यूपीए-२, शक्य असल्यास डब्ल्यूपीए-३ संरक्षण असावे. पासवर्ड लांब असावा. मुलांच्या जन्मतारखा आणि दूरध्वनी क्रमांक नकोत. 'डब्ल्यूपीएस' ही आठ अंकांची सोय बंद करावी. आठ अंकांच्या दहा कोटी शक्यता वाटतात, पण त्या रचनेतील दोषामुळे सुमारे अकरा हजार प्रयत्नांत ती उलगडते, हे २०११ मध्येच सिद्ध झाले आहे. बाहेरून राउटरचा कारभार करण्याची सोय आणि यंत्रांना स्वतःच दिंड्या उघडू देणारी 'यूपीएनपी' ही सोय, दोन्ही बंद असाव्यात. पोर्ट फॉरवर्डिंगचे पान उघडून प्रत्येक ओळीपुढे 'ही कशासाठी?' असे विचारावे. उत्तर न मिळाल्यास ती ओळ पुसावी. एखादा कॅमेरा दिसेनासा झाला तर बिघडत नाही, निदान तो कुठून दिसत होता हे तरी कळेल. कॅमेरे आणि पाहुणे यांच्यासाठी वेगळे, पाहुण्यांचे वाय-फाय सुरू करावे.

आणि पुढच्या वेळी पैठण गेटच्या बाजारातून नवा राउटर वा कॅमेरा आणाल, तेव्हा बसवायला येणाऱ्या कारागिराला पैसे देण्यापूर्वी शेजारी बसवून घ्या, ते कारभाराचे पान उघडायला लावा आणि नवा पासवर्ड टाकताना त्याला दुसरीकडे पाहायला सांगा.