सौंसरचे मँगनीज, शरीरातले शिसे आणि पोटातले बाळ

भूगर्भशास्त्राच्या जगात सौंसरचे नाव गेले ते संत्र्यांमुळे नव्हे, मँगनीजमुळे. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेल्या मँगनीजयुक्त प्राचीन खडकांना शास्त्रज्ञ ‘सौंसर समूह’ म्हणतात. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ फर्मर यांचा भारतातील मँगनीज साठ्यांवरचा ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला आणि तत्कालीन छिंदवाडा जिल्ह्यातील कच्चीढाणा, सीतापार ही खेडी अभ्यासकांच्या नकाशावर आली. सीतापारवरून तर एका खनिजाला ‘सितापाराइट’ हे नाव मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आणि पांढुर्णा व सौंसर हे मराठीबहुल तालुके एका जिल्हा प्रशासनाखाली आले. नव्या जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा उभी राहत असताना या जमिनीच्या पोटात काय आहे, हा प्रश्न केवळ खाण खात्याचा राहत नाही. तो प्रसूतिपूर्व तपासणीचाही आहे.

मँगनीज हे शिशासारखे निव्वळ विष नाही. हाडांच्या वाढीला आणि अनेक विकरांना ते अल्प प्रमाणात लागतेच. म्हणूनच आईचे शरीर ते वारेतून बाळाकडे पोहोचवते आणि नाळेच्या रक्तात मँगनीजचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षा अधिक आढळते. अडचण पुढे आहे. मोठ्या माणसाचे यकृत जादा मँगनीज पित्तावाटे बाहेर टाकते; नवजात बाळात ही व्यवस्था पुरती तयार नसते, उलट त्याचे आतडे ते अधिक शोषते. साचलेल्या मँगनीजचा रोख मेंदूकडे असतो. खाणीतील धुळीने कामगारांना कंप सुटणे, चाल ताठर होणे हा आजार एकोणिसाव्या शतकापासून नोंदलेला आहे. बालकांवरील परिणाम मात्र इतके उघड दिसत नाहीत. मेक्सिकोतील मोलांगो या मँगनीज खाणपट्ट्यातील शाळकरी मुलांच्या केसांत मँगनीज जास्त आढळले आणि बुद्ध्यंक कमी. मुलींमध्ये हा संबंध अधिक ठळक होता. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात खाण नव्हती, विहिरीचे पाणी होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात सर्वाधिक मँगनीजचे पाणी पिणाऱ्या मुलांचा बुद्ध्यंक सर्वांत कमी मँगनीज असलेल्या गटापेक्षा सुमारे सहा गुणांनी कमी भरला.

खडकात मँगनीज आहे म्हणजे प्रत्येक विहिरीत ते असणारच, असे नाही. प्राणवायू कमी असलेल्या भूजलात ते विरघळते, म्हणून एकाच गावातील दोन बोअरचे पाणी वेगळे निघू शकते. भांड्यावर, पाइपात काळपट थर धरणे ही त्याची ओळखीची खूण. पण खूण दिसली नाही म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पिण्याच्या पाण्यातील मँगनीजसाठी लिटरला ०.०८ मिलिग्रॅम हे तात्पुरते मार्गदर्शक मूल्य ठरवले आणि ते ठरवताना बाटलीने दूध पिणारे तान्हे बाळ नजरेसमोर ठेवले. भारतीय मानक ०.१ मिलिग्रॅम सांगते, मात्र दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत मुभा देते. ही मुभा जागतिक मूल्याच्या जवळपास चौपट आहे, आणि दुसरा स्रोत नसणे ही खेड्यात अपवादाची गोष्ट नसते.

शिशाची वाट निराळी. ते हाडांत कॅल्शियमच्या जागी बसते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते. गर्भारपणात बाळाच्या हाडांसाठी आईचा सांगाडा कॅल्शियम सोडू लागतो, तेव्हा बालपणी शरीरात गेलेले शिसेही त्याबरोबर सुटते आणि वार ते अडवत नाही. म्हणजे आज गर्भवती असलेल्या स्त्रीच्या बालपणीचा रंग, शिसेयुक्त पेट्रोलचा धूर, जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा घराशेजारचा धंदा यांचा हिशेब तिच्या बाळाच्या नावावर निघतो. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा यायला २०१७ उजाडले. नीती आयोग आणि सीएसआयआर यांच्या २०२२ च्या अहवालात २३ राज्यांतील रक्तातील सरासरी शिसे डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर असल्याचे म्हटले होते. सर्वाधिक भार असलेल्या राज्यांत मध्य प्रदेश आहे.

आईच्या पोटात बाळ सुरक्षित असते, ही समजूत जपानच्या मिनामाता गावाने मोडून काढली. तेथे पाऱ्याने दूषित मासे खाल्लेल्या, स्वतः फारशा आजारी नसलेल्या स्त्रियांना मेंदूची गंभीर हानी झालेली मुले झाली. सुकवलेली नाळ जपून ठेवण्याची रीत तेथे होती. पुढे त्याच नाळांतील पारा मोजून पुरावा उभा राहिला.

पांढुर्ण्यासाठी यातला कामाचा धागा लोहाचा आहे. रक्तक्षय असलेल्या शरीराचे आतडे लोहासाठी दार अधिक उघडते आणि त्याच दाराने मँगनीज आणि शिसेही जास्त आत येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या १८० गोळ्या आणि चौथ्या महिन्यापासूनचे कॅल्शियम हे केवळ अशक्तपणावरचे औषध नव्हे, बाळापर्यंत पोहोचणारे शिसे कमी करण्याचाही तो स्वस्त उपाय आहे. दोन्ही गोळ्या एकाच वेळी घेतल्यास कॅल्शियम लोहाचे शोषण अडवते. इतकी साधी गोष्ट गोळ्यांची पट्टी हातात देताना मात्र अनेकदा सांगायची राहून जाते.

गोळ्यांनी स्रोत बंद होत नाही, तिथे तपासणीच हवी. जल जीवन मिशनने गावोगाव पाच-पाच महिलांना पाणी तपासायला शिकवले. त्यांच्या पेटीत लोह, फ्लोराइड, नायट्रेट यांच्या चाचण्या असतात. मँगनीजसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, आणि मूलभूत तपासणीच्या यादीत ते नसल्याने कोणी मागितल्याशिवाय तो जात नाही. ज्या तालुक्याच्या नावाने जगभर मँगनीजचा खडक ओळखला जातो, तिथल्या यादीत हा एक रकाना वाढवायला नवा कायदा लागत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला येणाऱ्या स्त्रियांना घरचे पाणी कोणत्या बोअरचे, घरात किंवा शेजारी बॅटरीचे काम चालते का, हळद सुटी घेता की पाकिटातली, हे तीन प्रश्न विचारायलाही लागत नाही. हळदीचा प्रश्न किरकोळ वाटेल. पण पिवळा रंग खुलवण्यासाठी लेड क्रोमेट मिसळण्याची भेसळ बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या सुमारे निम्म्या नमुन्यांत सापडली होती. सरकारने धाडी घातल्या, व्यापाऱ्यांना दंड केले, आणि दोन वर्षांत ते प्रमाण शून्यावर आले.