समुद्रातून औषधाच्या डब्यापर्यंत

आपले मौदा कन्हानच्या काठी वसलेले. समुद्र येथून शेकडो मैल दूर. आपल्यापैकी अनेक वृद्धांनी तो आयुष्यात एकदाच, तीर्थयात्रेच्या निमित्ताने पाहिला असेल. तरीही नाते आहे. कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा आणि वर्धा यांची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत विलीन होते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाऊन भेटते. आपल्या गावचे पाणी असे समुद्रापर्यंत पोहोचते. समुद्राकडून आपल्या घरी काय येते, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. त्याचे उत्तर घरातील औषधांच्या डब्यात आहे.

समुद्रातील जीव, शेवाळे, बुरशी व सूक्ष्मजंतू यांच्यातील उपयुक्त द्रव्ये शोधणे आणि ती माणसाच्या उपयोगासाठी तयार करणे, या शास्त्राला सागरी जैवतंत्रज्ञान म्हणतात. या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 1989 साली टोकियो येथे भरली. त्याच वर्षी गोव्यात सागरी जीवांतील औषधी द्रव्यांवर भारत आणि अमेरिका यांचा संयुक्त परिसंवाद झाला. त्यातील निबंधांचा ग्रंथ 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या संपादकांत डॉ. आर. नागभूषणम आणि डॉ. आर. सरोजिनी ही नावे आहेत. दोघेही औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे अभ्यासक. समुद्रापासून दूर असलेल्या विद्यापीठातील माणसांनी समुद्राचा असा ध्यास घ्यावा, ही आपल्यासारख्या भूवेष्टित मुलखाला अभिमान वाटावा अशी गोष्ट होय. गोव्यातच दोनापावला येथे 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे आणि तेथेही या विषयाचे संशोधन होत आले आहे.

अशा परिषदांतून वृद्धांच्या पदरात काय पडते? परिषद म्हणजे बाजार नव्हे. तेथे शास्त्रज्ञ आपले अपुरे, चालू असलेले काम एकमेकांपुढे मांडतात. बहुतेक वेळा ते काम परीक्षानळीत किंवा उंदरांवर झालेले असते. तेथून औषधाच्या दुकानापर्यंतचा मार्ग किती लांब असतो, हे काही उदाहरणांवरून कळेल.

सार्डिनिया बेटावरील कॅग्लियारी येथे, सांडपाणी जेथे समुद्रात सोडले जाई तेथील पाण्यातून ज्युसेप्पे ब्रोत्झू यांनी 1945 मध्ये एक बुरशी वेगळी केली. सेफिक्सीम, सेफ्ट्रियाक्सोन ही नावे आज आपल्याला चिठ्ठीवर दिसतात. त्या प्रतिजैविकांच्या घराण्याचे मूळ त्या बुरशीत आहे. त्या घराण्यातील पहिले औषध बाजारात आले ते 1964 मध्ये. कॅरिबियन परिसरातील एका स्पंजातील वेगळ्या धाटणीची द्रव्ये 1951 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या धाग्यावरून तयार झालेल्या सायटॅराबिन या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाला अमेरिकेत 1969 मध्ये मान्यता मिळाली. शंखातील विषापासून निघालेले झिकोनोटाइड हे तीव्र वेदनांवरील औषध 2004 मध्ये मान्य झाले. तेही पाठीच्या कण्यातील द्रवात सूक्ष्म नळीने सोडावे लागते. गुडघेदुखीवर कुणी सहज घ्यावे असे ते नव्हे.

जैवतंत्रज्ञानाची गरज का भासते, तेही पाहू. जपानी शास्त्रज्ञांनी 600 किलो स्पंज वापरला, तेव्हा त्यांच्या हाती हॅलिकॉन्ड्रिन नावाचे द्रव्य अवघे 12.5 मिलिग्रॅम लागले. समुद्र उपसूनही रुग्णांना पुरेल इतके औषध मिळाले नसते. त्या द्रव्याचा उपयुक्त भाग प्रयोगशाळेत घडवला गेला आणि एरिब्युलिन हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध 2010 मध्ये मान्य झाले. इंजेक्शनात व सलाइनमध्ये जंतूंचे विषारी अंश नाहीत ना, ही तपासणी अनेक वर्षे नालखेकड्याच्या निळ्या रक्ताच्या आधारे होत आली आहे. हा जीव ओडिशाच्या किनाऱ्यावरही आढळतो. आता त्या रक्तातील घटक खेकड्याला हात न लावता तयार करण्याची रीत निघाली आहे.

काही सागरी पदार्थ तर आपल्या घरी केव्हाच आलेले आहेत. उपवासाच्या पुडिंगमधील चायना ग्रास हे समुद्री शेवाळ्याचे सत्त्व. छातीतील जळजळीवरील काही पातळ औषधांत तपकिरी शेवाळ्यातील अल्जिनेट असते. ते जठरातील पदार्थांवर सायीसारखा तरंगता थर धरते, म्हणून जेवणानंतर व निजताना घेतात. त्यात सोडियम असते, हे हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या कानावर घालावे. त्याच अल्जिनेटची पट्टी ओल्या, पाझरणाऱ्या शय्याव्रणावर वापरतात. ती स्राव शोषून मऊ होते. कोरड्या जखमेवर मात्र ती लावू नये. आणि पट्टी कितीही चांगली असली तरी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस वेळोवेळी बदलणारे हात हेच शय्याव्रणावरील खरे औषध आहे, याचा विसर पडू देऊ नये.

आता सावधगिरीची गोष्ट. ‘आंतरराष्ट्रीय परिषदेत सादर झालेले सागरी संशोधन’ अशी अक्षरे डब्यावर छापून सांधेदुखीच्या, स्मरणशक्तीच्या, हृदयाच्या कॅप्सूल घरोघरी विकल्या जातात. परदेशातून आलेली मुलेही प्रेमाने माशाच्या तेलाची बाटली आणतात. प्रेम खरे असते. डब्यावरील दावा खरा असेलच असे नाही. माशाच्या तेलावरील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. एकीत 25,871 आणि दुसरीत मधुमेह असलेल्या 15,480 व्यक्ती होत्या. हृदयविकार झालेला नसताना रोज एक ग्रॅम कॅप्सूल घेतल्याने हृदयाच्या प्रमुख आघातांचे एकूण प्रमाण लक्षणीय घटले, असे दोन्हींत दिसले नाही. मोठ्या मात्रेने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, असेही इतर चाचण्यांत आढळले आहे. रक्तातील ट्रायग्लिसराइड फार वाढले असता डॉक्टर ही औषधे योजतात. तो निर्णय त्यांचा.

शाकाहारी वृद्धांना याची रुखरुख वाटण्याचे कारण नाही. आपल्या विदर्भातील जवसातही ओमेगा-3 आहे. माशातील प्रकारात त्याचे रूपांतर शरीर थोडेच करते हे खरे, तरी भाकरीबरोबर जवसाची चटणी हा आहाराचा उत्तम भाग आहे. ती आहार म्हणून खावी, औषध म्हणून नव्हे.

घरी सागरी नावाचा एखादा डबा आला, तर सेवा करणाऱ्याने पुढील गोष्टी पाहाव्यात.

एक, डब्यावर औषध असे लिहिले आहे की पूरक आहार? पूरक आहाराला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही.

दोन, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय? असल्यास माशाचे तेल विचारल्यावाचून देऊ नये.

तीन, थायरॉइडचा विकार आहे काय? समुद्री शेवाळ्याच्या गोळ्यांत आयोडीन पुष्कळ असू शकते.

चार, कोळंबी किंवा खेकड्याने अंगावर पित्त उठते काय? सांधेदुखीवरील पुष्कळशा ग्लुकोसामीनचा उगम त्यांच्या कवचात असतो.

पाच, या डब्यापायी मधुमेहाची वा रक्तदाबाची चालू गोळी कुणी बंद केली नाही ना? ही गोष्ट सर्वांत घातक.

डबा डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावा. नाव आठवत नाही, असे होणार नाही. समुद्राच्या पोटात अजून कितीतरी औषधे असतील आणि परिषदा भरत राहतील. नातवंडांना त्यांचा लाभ होईल, काही आपल्यालाही होईल. तोवर, नव्या शोधाची वार्ता आनंदाने ऐकावी आणि गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.