गल्ल्यासमोरचा साक्षीदार

मालक जेवावयास घरी गेलेला, दुपारची टळटळीत वेळ, दुकानात गिऱ्हाईक म्हणून मी एकटा आणि गल्ल्यावर पंचविशीच्या आतबाहेरचा एक नोकर, अशा प्रसंगी अर्धा किलो पेढ्यांचे नेमके तीनशे रुपये मी पुढे केले, तेव्हा त्याने ती रक्कम यंत्रावर नोंदविली नाही की गल्ल्याचा खण उघडला नाही. तिन्ही नोटांची घडी करून त्याने ती वजनकाट्याखाली अशा सहजतेने सरकवली, की त्या सहजतेनेच माझे लक्ष वेधले. त्याने मान वर केली, आमची दृष्टादृष्ट झाली, आणि किंचित घाईने तो म्हणाला, "आणखी काही, काका?"

अशा क्षणी मनुष्याच्या मनात दोन वृत्ती एकदम जाग्या होतात. एक म्हणते, माल चोख, वजन चोख, आपल्या खिशाला तोशीस नाही, मग धन्याच्या गल्ल्याची उठाठेव आपण का करावी? दुसरी तत्काळ फौजदाराचा अंगरखा चढवते आणि आरडाओरडा करण्यास, किंवा हल्लीच्या रिवाजाप्रमाणे भ्रमणध्वनीवर चित्रण करून ते गावभर फिरविण्यास, उतावीळ होते. पहिली वृत्ती भिडस्तपणाला सौजन्य समजते, दुसरी उत्साहाला न्याय समजते. आणि माझे मत असे आहे की, या दोहोंपैकी कोणतीही सभ्य गिऱ्हाइकाला शोभत नाही.

कारण मी पाहिले ते इतकेच, की नोटा काट्याखाली गेल्या. त्या मालकाच्या संमतीने पगारातील उचल म्हणून गेल्या, शेजाऱ्याला मोड द्यावयाची म्हणून बाजूस ठेवल्या, की खरोखरच लांबविल्या, हे मी पाहिलेले नव्हते, ताडलेले होते. आणि ताडलेल्या गोष्टीची किंमत त्या तरुणाला किती मोजावी लागेल, याचा हिशेब कायद्याने फार पूर्वी मांडून ठेवला आहे. 1860 च्या दंडसंहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास होता, तर कारकुनाने किंवा नोकराने धन्याच्या मालाची केलेली चोरी सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र होती. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 306 नेही ती सात वर्षे कायम ठेविली आहेत. कुंपणाने शेत खाल्ले तर तो अपराध बाहेरच्या चोरापेक्षा मोठा, हे त्यामागील तत्त्व रास्तच आहे. परंतु अशा चोरीची खबर देण्याचे बंधन तोच कायदा सामान्य नागरिकावर घालीत नाही; आपण गप्प राहिलो तर आपल्याला जाब विचारणारे आपल्या सदसद्विवेकाखेरीज कोणी नसते.

दुकानदारीच्या इतिहासाने मात्र गिऱ्हाइकाला केव्हाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. अमेरिकेतील ओहायो प्रांतात डेटन गावी जेम्स रिटी नावाचा एक मद्यगृहाचा मालक नोकरांच्या हातचलाखीने जेरीस आला आणि 1879 साली त्याने आपल्या भावासह रोकड नोंदविणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्या यंत्राच्या वंशात पुढे गिऱ्हाइकाला दिसेल असा रकमेचा आकडा आला, खण उघडताच वाजणारी घंटा आली, कागदी पावती आली. आणि आज आपल्या कोपऱ्यावरचा वाणी "एवढे रुपये प्राप्त झाले" असे ओरडणारी जी डबी फळीवर ठेवतो, ती त्याच घंटेची पणती होय. या सर्व कारागिरीतील मर्म एकच: जो व्यवहार दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे आणि कानांवर नोंदला जातो, त्यात इमान राखणे सोपे होते.

पण गिऱ्हाईक साक्ष देण्यास सहसा तयार नसते. एस.टी.त तिकीट न घेता अर्धे पैसे वाहकाच्या हातावर टेकविणारा प्रवासी तर साक्षीदारही नव्हे, तो भागीदारच. पण पुरे भाडे देऊनही तिकीट न मागणारा प्रवासी त्याहून फार दूर नाही. हरियाणातील एका वाहकाच्या बडतर्फीचे प्रकरण 1977 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा बसमधील बिनतिकीट प्रवाशांच्या लेखी जबान्या दप्तरात नव्हत्या. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांना निवाडा द्यावा लागला तो असा, की खात्याच्या चौकशीत थोडाबहुत विश्वसनीय पुरावा असला म्हणजे पुरे, प्रवाशांना शोधून हजर केलेच पाहिजे असे नाही. त्या प्रवाशांपैकी प्रत्येकाने पैसे देतानाच "तिकीट द्या" एवढे दोन शब्द उच्चारले असते, तर वाहकाची नोकरी आणि खात्याचा महसूल दोन्ही वाचले असते.

म्हणून गिऱ्हाइकाचे कर्तव्य शिक्षेच्या बाजूचे नसून प्रतिबंधाच्या बाजूचे आहे, असे मला वाटते. पावती मागणे हा आपला हक्क आहे. तो बजावताना कोणावर आळ येत नाही, आणि मोहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्याला माघारी फिरण्याची वाट उरते. तोच प्रकार पुन्हा डोळ्यांपुढे घडला, किंवा रुग्णालयातील औषध अथवा गरिबाचे रेशन त्या मार्गाने जात असेल, तर भीड सोडून धन्याला किंवा वरिष्ठाला एकांतात सांगावे. मात्र सांगताना "तुमचा माणूस चोर आहे" असे न म्हणता, अमुक वेळी अमुक दिसले, एवढेच सांगावे. निष्कर्ष काढण्याचे काम ज्याचे, त्यालाच करू द्यावे.

त्या दुपारी मी इतका विचार केला नव्हता. "पावती दे रे बाबा," एवढेच म्हणालो. त्याचा हात काट्यापाशी थबकला. नोटा बाहेर आल्या, खण उघडला, यंत्राने कुरकुर करीत कागदाची पट्टी सोडली, आणि ती माझ्या हाती देताना त्याने मान वर केली नाही. पायरी उतरताना जेवून परतणारे मालक भेटले. "मिळालं ना सगळं?" त्यांनी विचारले.

"मिळालं," मी म्हणालो, "पावतीसकट."