पुडी कोण बांधणार?

पावसाळ्यात मावळातल्या आरोग्य केंद्राचा डॉक्टर सकाळी आल्या आल्या दोन गोष्टी पाहतो. वीज आहे का, आणि लशींच्या फ्रीजमधल्या थर्मामीटरचा आकडा काय आहे. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी. कुपीवरचा रंग बदलणारा छोटा चौकोन लशीला उष्णता लागली तर सांगतो, पण ती गोठली होती का, हे सांगत नाही. पेंटाव्हॅलंट किंवा हेपटायटिस-बीची लस एकदा गोठली की निकामी होते, आणि वितळल्यावर कुपी पाहून ते पटकन ओळखूही येत नाही. अशी लस टोचली तर बाळाला सुई तेवढी मिळते, संरक्षण नाही.

दिवसातून दोनदा तापमानाची वहीत नोंद होते. प्रश्न मधल्या रात्रीचा असतो. लोणावळा-खंडाळ्याच्या पट्ट्यात जुलैमध्ये वीज कधी जाईल आणि कधी येईल, कुणी सांगू शकत नाही. आमच्या भागातल्या एका केंद्रात रात्रीची नोंद ठेवणारे यंत्र होते. ते बंद पडले तेव्हा पुरवठादाराने 'ते मॉडेल आता येत नाही' असे सांगून विषय संपवला. आतला प्रोग्रॅम त्यांच्याकडे, दुरुस्तीची चावीही त्यांच्याकडे. आमच्याकडे राहिला तो प्लास्टिकचा डबा.

तिथल्या सिस्टरांचा मुलगा तेव्हा इंजिनीअरिंगचा डिप्लोमा करत होता. त्याच्याकडे रास्पबेरी पाय झीरो होता. हा च्युइंगगमच्या पाकिटाएवढा संगणक. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये तो बाजारात आला तेव्हा त्याची किंमत होती पाच डॉलर. त्यात एकच गाभा असलेला प्रोसेसर आणि ५१२ एमबी मेमरी. तापमान मोजणारा सेन्सर आणि मोडेम जोडायचा, पायथन भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहायचा, आणि फ्रीज बिघडला की सिस्टरांच्या फोनवर निरोप गेला पाहिजे. "दोन दिवसांत करतो सर," तो म्हणाला. लागले पाच आठवडे. हा लेख त्या पाच आठवड्यांविषयी आहे, कारण प्रोग्रॅम खरोखरच दोन दिवसांत झाला होता.

अडचण अशी होती. त्याच्या मेमरी कार्डावरच्या प्रणालीत पायथनची ३.५ ही जुनी आवृत्ती होती, आणि वापरायच्या लायब्ररीला त्याहून नवी हवी होती. सगळी प्रणालीच नवी घालावी तर मोडेम चालेना. मग उपाय एकच: पायथनचा मूळ मजकूर आणून त्याच छोट्या बोर्डावर तो कंपाइल करायचा. भाषेचा मूळ मजकूर माणसाला वाचता येतो, पण प्रोसेसरला कळतात फक्त त्याच्या स्वतःच्या सूचना. तुमच्या टेबलावरच्या इंटेल संगणकाच्या सूचना वेगळ्या आणि या एआरएम जातीच्या चिपच्या वेगळ्या. मजकुरातून त्या चिपला कळणाऱ्या सूचना तयार करणे म्हणजे कंपाइल करणे. मोठ्या संगणकावर हे काही मिनिटांत उरकते. झीरोवर ते संध्याकाळी सुरू केले तर सकाळपर्यंत चालते.

पहिल्या रात्री पहाटे वीज गेली. मेमरी कार्डही बिघडले, तेव्हा सारे पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी काम पूर्ण झाले, आम्ही चहा मागवला, आणि मग कळले की सुरक्षित जोडणीसाठी लागणारा भाग पायथनमध्ये आलेलाच नाही. त्याच्यासाठीची फाइल आधी बोर्डावर ठेवायला हवी होती. ती नव्हती म्हणून कंपायलरने तो भाग गुपचूप वगळला होता आणि तसे शेवटच्या ओळींत लिहिलेही होते. त्या ओळी कुणी वाचल्या नाहीत. रुग्ण टेबलावर घेतल्यावर रक्ताची पिशवी मागवलीच नव्हती हे लक्षात यावे, तशी आमची तोंडे झाली.

मग त्याने हुशारी केली. कॉलेजच्या मोठ्या संगणकावर छोट्या बोर्डासाठीच्या सूचना तयार करायच्या आणि तयार फाइल इकडे आणायची. पाटी बरोबर होती, फाइल बरोबर दिसत होती, पण बोर्डावर चालवताच 'अवैध सूचना' असे म्हणून ती कोसळली. त्याचे कारण मला समजले तेव्हा मी चमकलो, कारण ही चूक माझ्या ओळखीची होती. 'आर्मएचएफ' या एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात. डेबियन प्रणालीत ते नाव एआरएमच्या सातव्या पिढीच्या सूचनांना आहे, आणि झीरोची चिप सहाव्या पिढीची आहे. इन्सुलिनच्या बाबतीत आमच्याकडे असेच होते. कुपी ४० युनिटची असते, १०० युनिटचीही असते, आणि सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपीची आणि नारिंगी टोपीची. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरले तर रुग्णाला अडीचपट डोस जातो. नाव तेच, औषधही तेच, आणि रुग्ण बेशुद्ध.

शेवटी पायथन तयार झाले. खरे महत्त्वाचे काम त्यानंतरचे होते, आणि ते करायला तो राजी नव्हता. "चाललं ना सर आता?" त्याच्या दृष्टीने काम संपले होते. मी म्हटले, हे तुझ्या एका बोर्डावर चालले, पवना धरणाच्या पलीकडच्या केंद्रात तू जाणार आहेस का रात्र काढायला? तेव्हा कुठे त्याने पॅकेज बांधले. म्हणजे तयार पायथन, त्याचा प्रोग्रॅम, कशावर काय अवलंबून आहे याची यादी, आवृत्तीचा क्रमांक, आणि वीज आल्यावर सारे आपोआप सुरू होण्याची व्यवस्था, सगळे एका फाइलमध्ये. पुढच्या केंद्रात फार्मासिस्टने पेनड्राइव्ह लावला आणि एक आज्ञा दिली. चहा निवायच्या आत काम झाले. त्या माणसाला कंपाइल हा शब्दही ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

आम्हा डॉक्टरांना याचे अप्रूप वाटू नये, पण वाटते. १९७१मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी काय केले? मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण तोंडाने दिले तर चालते, हे शास्त्र त्याआधीच ठाऊक झाले होते. त्यांनी कोलकात्यात त्याच्या वजन केलेल्या पुड्या प्लास्टिकमध्ये बंद करवून घेतल्या. खर्च लिटरमागे ११ पैसे. रुग्णाचे नातेवाईकही ते पाजू शकत होते. सुमारे तीस टक्क्यांवर असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. ग्लुकोजबरोबर सोडियम आतड्यात शोषले जाते, हा शोध मोठाच. पण छावणीत माणसे वाचली ती पुडीमुळे.

संगणकाच्या जगातही पुडी बांधणारे आहेत, फक्त त्यांची नावे कुणी घेत नाही. पहिल्या रास्पबेरी पायला तयार प्रणाली मिळाली, कारण माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी २०१२मध्ये ३५ हजारांहून अधिक पॅकेजे सहाव्या पिढीच्या चिपसाठी पुन्हा कंपाइल केली. 'पायव्हील्स' नावाच्या उपक्रमात पायथनच्या लायब्ऱ्या याच बोर्डांसाठी आधीच तयार करून ठेवतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या मंडळींनी 'आकाश' टॅब्लेटवर पायथन, सायलॅब आणि सी या भाषा चालवून दाखवल्या होत्या. टॅब्लेटच्या दर्जावरून वाद झाले, ते काम मात्र कुणाच्या लक्षात राहिले नाही.

माझे म्हणणे सरकारी खरेदीविषयी आहे. आरोग्य खात्यासाठी छोटी यंत्रे घेताना निविदेत किंमत, वॉरंटी आणि वजन लिहिलेले असते. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, तो कंपाइल करण्याची पूर्ण कृती आणि बसवायला तयार पॅकेज खात्याच्या ताब्यात द्यावे, ही अट मी तरी कधी पाहिलेली नाही. औषधाच्या पट्टीवर बॅच क्रमांक आणि मुदत नसेल तर आपण ती स्टोअरमध्ये घेत नाही, मग यंत्रातल्या प्रोग्रॅमला हा नियम का नको? आणि हे काम करणाऱ्याला पगार हवा. सिस्टरांच्या मुलाच्या सुट्ट्यांवर शीतसाखळी चालवता येत नाही. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. आरोग्य खात्यातल्या बोर्डांसाठी पॅकेजे बांधून, तपासून, सही करून ठेवणारी चार माणसांची जागा तिथे करता येईल. सी-डॅकच्याच 'वेगा' प्रोसेसरवरचे 'एरीज' बोर्ड आले आहेत. त्यांच्या सूचना एआरएमपेक्षाही निराळ्या, रिस्क-फाइव्ह जातीच्या. ते आरोग्य केंद्रांत आले तर हा सगळा खेळ पहिल्यापासून मांडावा लागेल.

घरगुती यंत्रावर लशीचा भरवसा ठेवायचा का, असे एका सहकाऱ्याने विचारले. ठेवायचा नाही. मान्यताप्राप्त उपकरण हवेच आणि वहीतली नोंदही हवी. आमचा बोर्ड फक्त रात्रीचा राखणदार आहे. पण मान्यताप्राप्त उपकरणाच्या पोटातही असाच एक छोटा संगणक असतो, आणि तो बंद पडला की आम्ही पुन्हा प्लास्टिकच्या डब्यापाशी येतो.

तो मुलगा आता चाकणला नोकरीला आहे. मागच्या महिन्यात एका केंद्रातला झीरो जळाला, आणि त्याच्या जागी नव्या पिढीचा बोर्ड आला. त्यावर जुनी पुडी लागेना. मी त्याला फोन केला. "चिप वेगळी आहे सर, परत बांधावी लागेल," तो म्हणाला. रविवारी येतो आहे.