टॅब दाबला की सगळीकडे सारखंच घडू दे

मुरुडच्या किनाऱ्यालगत पर्यटकांना खोल्या देणारी घरं आता बरीच आहेत आणि अनेकांचं बुकिंग वेबसाइटवरून होतं. समजा, पुण्याच्या एका आजोबांना तिथली खोली हवी आहे. हात थरथरतो, त्यामुळे माउस धरवत नाही. सारं काम कीबोर्डवर. विंडोजवरच्या क्रोममध्ये टॅब दाबत ते नाव, फोन, 'अटी मान्य'ची चौकट आणि बटण अशा क्रमाने पुढे सरकतात. मुलाच्या मॅकवरच्या सफारीत मात्र टॅब नावावरून फोनवर जातो आणि चौकट, बटण, लिंक यांना वगळून निघून जातो.

वेबसाइट तीच, फॉर्म तोच.

हा बिघाड नाही. मॅकवर टॅबने फक्त मजकुराच्या जागा आणि याद्या गाठायच्या, ही जुनी रीत. विंडोज मात्र सुरुवातीपासून माउसशिवायही चालावं अशा बेताने घडलं. सफारीत ऑप्शनसह टॅब दाबला किंवा सेटिंग बदललं की सारं सापडतं. पण ते सेटिंग आहे हे आजोबांना सांगणार कोण?

माउसचीही तीच कथा. क्रोममध्ये बटणावर क्लिक केलं की फोकस, म्हणजे पुढची कळ जिथे लागू होणार ती जागा, बटणावर येतो, सफारीत येत नाही. फोकस सुटताच बंद होणारा मेन्यू एखाद्याने फक्त क्रोमवर तपासून बनवला, तर सफारीत त्यातल्या बटणावर माउस दाबताक्षणी मेन्यूच नाहीसा होतो आणि क्लिक वाया जातं. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलचं मानकही क्लिकने कशाला फोकस मिळावा हे त्या त्या प्रणालीच्या रिवाजावर सोडतं. हा मोकळेपणा आता काढून घ्यायला हवा. मॅकच्या जुन्या वापरकर्त्यांची सवय मोडेल हे खरं. त्यांच्यासाठी सेटिंग ठेवावं, पण मुळात सारं काही टॅबने गाठता यावं.

ब्राउझर बनवणाऱ्यांत एकमत होऊ शकतं, याचा दाखला याच विषयात आहे. कीबोर्डने फिरणाऱ्याला फोकसची चौकट दिसावी आणि माउसने क्लिक करणाऱ्याला ती उगाच दिसू नये, यासाठीचा 'फोकस-व्हिजिबल' हा नियम क्रोममध्ये ऑक्टोबर 2020 मध्ये आला, फायरफॉक्समध्ये जानेवारी 2021 मध्ये. सफारीत तो मार्च 2022 मध्ये पोहोचला, आणि तेही स्पेनमधल्या इगालिया या संस्थेने लोकवर्गणी उभारून ते काम केलं म्हणून. ॲपलसारख्या श्रीमंत कंपनीच्या ब्राउझरसाठी लोकांना वर्गणी काढावी लागली, ही गोष्ट बोचते.

कंपन्या बदलेपर्यंत सरकारला कायद्याचा आधार आहेच. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सहज वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तेव्हा राज्य सरकारने आपल्या वेबसाइटच्या निविदांत एक अट घालावी: क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींवर माउस बाजूला ठेवून अर्ज शेवटपर्यंत भरून दाखवा, मगच बिल मंजूर.