पंचांचा मास्क कोण तपासणार?

अमेरिकी बेसबॉलमध्ये होम प्लेटमागे उभा असलेला पंच ताशी 90-95 मैलांनी येणारा चेंडू टक लावून पाहत असतो. पुढ्यात कॅचर बसलेला असतो खरा. पण बॅटची कड घेऊन चेंडू वळला की कॅचरच्या हातमोज्याचा उपयोग संपतो. दीड-दोन मीटरवरून सुटलेला तो चेंडू पापणी लवायच्या आत तोंडावर येतो. 145 ग्रॅमच्या चेंडूत 90 मैलांच्या वेगाला सुमारे 117 ज्यूल ऊर्जा असते. तिचा किती भाग मास्कमध्ये जिरेल आणि किती जबड्यातून मेंदूपर्यंत जाईल, हे ज्या वस्तूवर ठरते, ती पंच आजही हातात तोलून, तोंडाला लावून, ‘हलका आहे, नीट दिसतंय’ एवढ्यावर निवडतात. हे भयंकर आहे.

एड हिकॉक्स या पंचांची कहाणी न्यायालयाच्या दप्तरात आहे. 2005 साली फाउल टिप, म्हणजे बॅटला निसटता लागून मागे आलेला चेंडू, त्यांच्या मास्कच्या गळापट्टीवर आदळली. मेंदूला हादरा बसला, कानाच्या आतल्या भागाला इजा होऊन ऐकू येणे कमी झाले. ती पट्टी सरळ खाली उतरण्याऐवजी पुढे झुकलेली होती. ज्यूरीने मास्क बनवणाऱ्या विल्सन कंपनीला 7 लाख 75 हजार डॉलर भरपाई द्यायला लावली आणि 2013 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. दोष निघाला, पण माणूस जायबंदी झाल्यावर. 2017 मध्ये टोरांटोत पंच डेल स्कॉट यांच्या मास्कवर असाच चेंडू बसला; त्यांना स्ट्रेचरवरून न्यावे लागले आणि ते पुन्हा मैदानात पंच म्हणून उतरले नाहीत.

शालेय सामन्यांत कॅचरच्या शिरस्त्राणावर ‘नॉक्से’ या मानक संस्थेची मोहोर सक्तीची आहे. त्याच कॅचरच्या मागे, त्याच चेंडूच्या वाटेत उभ्या असलेल्या पंचाने मात्र आपला विचार आपणच करायचा! शिवाय त्या मोहोरेमागची 1200 ही आघात-निर्देशांकाची मर्यादा कवटी फुटण्यासारख्या गंभीर इजेच्या हिशेबातून आलेली आहे. मेंदू हादरणार नाही, अशी हमी ती देत नाही.

हलकेपणाचे वेड तर फारच घातक. टायटॅनियमचा मास्क तासन्‌तास मानेला बरा वाटतो, पण वजन कमी तेवढा तो चेंडूच्या धक्क्याने अधिक जोरात मागे सरकतो आणि सगळा भार गालाच्या गादीवर येतो. ती गादी घामाने कडक झालेली असेल तर? हॉकीसारखे बंद हेल्मेटही अनेक पंच टाळतात. उंच उडालेला चेंडू दिसावा म्हणून मास्क डाव्या हाताने झटकन काढावा लागतो आणि हेल्मेट तसे निघत नाही. ही कामाची खरी अडचण आहे. तिला हट्ट म्हणून उडवून लावू नये.

म्हणून पंचांच्या मास्कसाठी वेगळे मानक हवे. सामन्याच्या वेगाचा चेंडू हनुवटी, गाल, गळापट्टी अशा प्रत्येक जागी मारून डोक्याला बसणारा झटका मोजावा आणि तो आकडा खोक्यावर छापावा. व्हर्जिनिया टेक विद्यापीठ 2011 पासून अमेरिकन फुटबॉलच्या हेल्मेटांना तारे देते. तेच इथे करता येईल. आणि लिटल लीगमध्ये मुलांसाठी विनामोबदला उभ्या राहणाऱ्या पंचांना तपासलेला मास्क लीगनेच द्यावा, गादी कडक झाली की बदलूनही द्यावा. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी.